ललितचे चान्सेस

"मॅडम, गोल गोल नको. दिवसभर गाडीत माणसं मला गोल गोल सांगत असतात. या पोराचे चान्सेस किती, ते सरळ सांगा."

अनसूयाबाई देवरे ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या. अंगात खाकी, केसांवर सटाणा-नाशिक रस्त्याची धूळ, हातात पाण्याची बाटली. त्या एसटीत कंडक्टर. लग्नानंतर लवकरच माहेरी परत आलेल्या, आणि भावाच्या मुलाला शिक्षणासाठी पाचवीपासून स्वतःजवळ सटाण्याला ठेवून घेतलेल्या. तो मुलगा म्हणजे ललित. शेजारच्या खुर्चीत अगदी टोकावर बसला होता. उंच, काटकुळा, आणि नजर अशी शांत, की समोरच्याला वाटावं आपल्याच शर्टाचं बटण उघडं राहिलंय की काय.

माझं नाशिकचं ऑफिस तेव्हा नवं होतं. कॉलेजातली नोकरी सोडून मी मुलांना परदेशातल्या प्रवेशाचा सल्ला द्यायला लागले होते. सल्ला कसला, लोकांना हवा असायचा अंदाज. मुलाचे मार्क, परीक्षा, त्याने केलेलं काम, हे सगळं बघायचं आणि कुठे दार उघडेल ते सांगायचं. मी विद्यापीठांचे तीन गट पाडायचे. हमखास, जमण्यासारखं, आणि देवाच्या हवाली. ललितला त्याच्या बायोलॉजीच्या सरांनी माझ्याकडे पाठवलं होतं, आणि त्याने यादीत पहिलंच नाव जे घातलं होतं, ते ऐकून पुण्या-मुंबईचे पालकसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे.

"हे देवाच्या हवाली आहे," मी म्हटलं. "जगभरातली टॉपची मुलं इथे अर्ज करतात. शंभरातली तीन-चार आत जातात. त्यातही पूर्ण शिष्यवृत्ती मागणारा असला की आणखी अवघड."

ललितने तोंड उघडलं. "मा... मा..." मान किंचित मागे गेली, डोळे मिटले.

"मार्क चांगले आहेत म्हणतोय तो," अनसूयाबाई म्हणाल्या.

ललितने तोंड मिटलं. मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

तासाभरात मला सगळं चित्र दिसलं. तो अडखळायचा. काही अक्षरं त्याला दारातच अडवायची आणि तो तिथे उभा राहायचा. आणि तो उभा राहिला रे राहिला, की आत्या धावत जाऊन दार उघडायच्या. चहा घेणार का, असं मी विचारलं की त्याच्या ओठांवर अक्षर जमेपर्यंत "अर्धा कप, साखर कमी" हे उत्तर आलेलं असायचं. बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. दुकानात, शाळेत, दवाखान्यात या बाईने आपल्या भाच्याला कधी अडू दिलं नव्हतं. गर्दीच्या गाडीत पोराला कडेवर घेऊन उभं राहावं, तसं तिने त्याला वाढवलं होतं.

त्याचं काम मात्र पाहिलं आणि मी थक्क झाले. वडिलांची डाळिंबाची बाग सटाण्यापासून सायकलच्या अंतरावर होती. त्या बागेत फुलांवर कोण येतं, कधी येतं, फवारणीनंतर किती दिवस येत नाही, हे या मुलाने दोन बहार, म्हणजे फुलांचे दोन हंगाम, बसून टिपलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कुठली स्पर्धा नव्हती. सकाळी शाळेच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात, झाडाखाली गोणपाट टाकून बसायचा. मी विज्ञानाची माणूस नाही, पण खरं काम कसं दिसतं ते मला ओळखता येतं.

अर्जासोबत निबंध लागतो. पुढच्या वेळी तो एकटाच आला, आत्यांची गाडी परत निघेपर्यंत त्याला वेळ होता. त्याने निबंध बागेतल्या माश्यांवर लिहून आणला होता. चांगला होता, पण मला तो थोडा कोरडा वाटला.

"ललित," मी म्हटलं, "तुझ्या बोलण्याबद्दल लिही. तिकडे अशा गोष्टींची किंमत करतात. लहानपणापासून तू कसा झगडलास, कसा मागे हटला नाहीस..."

तो ऐकत राहिला. मग बोलायला लागला. आत्या नव्हत्या, त्यामुळे वाट बघण्यावाचून मला दुसरं काही सुचलं नाही.

"म... मी झगडलो नाही, मॅडम. मी अ-अडखळतो. एवढंच."

"अरे, पण प्रवेश समितीला ते कळलं तर चान्सेस वाढतील."

"कि-किती?"

"थोडे तरी नक्की."

त्याने खरंच विचार केला. हिशेबाला बसल्यासारखा खिडकीबाहेर बघत राहिला. मग मान हलवली.

"माश्यांचं ब-बरं आहे."

तसाच अर्ज गेला. त्याच्यासोबत आणखी काही विद्यापीठांचे गेले. मी आग्रह करून एक छोटं कॉलेजही यादीत घातलं. कॅनडाच्या सीमेजवळ, बर्फाच्या प्रदेशात. नाव कोणी ऐकलेलं नसतं, पण कीटकशास्त्रात जाणकार त्याचं नाव आदराने घेतात. तिथेही मोजकीच मुलं घेतात. ते माझ्या मते जमण्यासारख्या गटातलं होतं, आणि तेही थोडं ओढूनताणून.

डिसेंबरात यादीतल्या त्या पहिल्या, मोठ्या विद्यापीठाकडून मेल आली. त्यांचे एक माजी विद्यार्थी मुंबईत असतात, कामासाठी नाशिकला येतात, ते मुलाला भेटू इच्छितात. मुलाखत ऐच्छिक. इंग्रजीतून.

मी दोघांना बोलावून घेतलं.

"ही नाही दिली तरी चालते," मी सांगितलं. "नाही दिली म्हणून कोणाचं काही कापत नाहीत. कागदावर ललित उत्तम दिसतोय. तो तसाच दिसू दे."

"द-दिली तर?"

"तर सांगता येत नाही."

"म्हणजे च-चान्सेस कमी होतील."

मी अनसूयाबाईंकडे पाहिलं. त्यांना सरळ उत्तर हवं असायचं ना. "हो," मी म्हटलं. "मला तरी असंच वाटतं."

"देतो," ललित म्हणाला. हा शब्द मात्र एका दमात आला.

"काय देतो?" आत्या भडकल्या. "मॅडम नको म्हणताहेत ना? त्यांना जास्त कळतं की तुला? तिथे इंग्रजीत तो साहेब विचारणार, तू अडकलास म्हणजे मी काय करणार? मला येतं का इंग्रजी?"

मलाही कोडं पडलं. लिहिलं तर फायदा होता, ते याने लिहिलं नाही. बोललं तर तोटा आहे, आणि तिथे हा जायला तयार. माणसं नेमकं उलटं करतात. पण पोरगा हट्टी नव्हता, भाबडाही नव्हता. काहीतरी मनात धरून तो बसला होता, आणि ते काय आहे हे विचारण्याची सोय नव्हती, कारण आत्या तिथे उत्तरं द्यायला हजर होत्या.

मुलाखत गंगापूर रोडवरच्या एका कॉफी शॉपमध्ये ठरली. अय्यंगार नावाचे गृहस्थ होते. चाळिशीतले, इंजिनिअर, हसरे. आम्हाला बघून म्हणाले, तुम्ही शेजारच्या टेबलावर बसा की, हे काही कोर्ट नाही. आम्ही बसलो. अनसूयाबाईंनी रजा टाकली होती. मोहरीच्या रंगाची नवी साडी नेसून त्या आल्या होत्या आणि खुर्चीच्या कडेला अशा बसल्या होत्या की कुठल्याही क्षणी उठून धावता येईल.

ललित स्वतःच्या नावावरच अडला. "ल... ल..."

"ललित," अय्यंगार म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. "बस, बस."

माणूस खरोखर चांगला होता. म्हणूनच ते असह्य झालं. ललित अडला की ते हळूच शब्द पुढे सरकवायचे. सटाण्याबद्दल त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. शाळेबद्दल विचारलं, अर्धं वाक्य याचं आणि अर्धं त्यांचं झालं. ललित मान हलवत होता. शेजारी अनसूयाबाईंचे ओठ हलत होते, पण इंग्रजी शब्द काही त्यांच्या ओठांवर येईना. भाच्याची गाडी घाटात बंद पडलीये आणि आपल्याला ढकलताही येत नाही, तशी त्यांची अवस्था. त्यांनी माझं मनगट धरलं.

बागेतल्या फुलांवरच्या नोंदींचं कसंबसं सांगून झालं, तेव्हा अय्यंगारांनी विचारलं, "इतके विषय सोडून मधमाश्याच का?"

"बि... बि..." ललितची मान मागे गेली. डोळे मिटले. कॉफीचं मशीन फुसफुसलं, कोणीतरी खुर्ची ओढली. तो अजून त्या अक्षराच्या दारातच होता.

अय्यंगार पुढे झुकले. आवाज मऊ करून म्हणाले, "कारण मधमाश्या तुला बोलायला लावत नाहीत. हो ना?"

खरं सांगते, मला ते वाक्य फार आवडलं. असं उत्तर मला निबंधासाठी शोधूनही सापडलं नसतं. मनात म्हटलं, हो म्हण, बाळा. नुसती मान हलव. हा माणूस घरी जाऊन याच एका वाक्यावर पान भरून लिहील.

ललितने डोळे उघडले.

"नाही," तो म्हणाला.

अय्यंगारांचं हसू जागच्या जागी थांबलं.

ललितने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग त्या गजबजलेल्या दुकानात, आपल्या सटाण्याच्या इंग्रजीत, अडखळत, एकही शब्द न गाळता तो बोलला. "सर, मी अ-अडखळतो. माझं वाक्य पुरं व्हायला वेळ ल-लागतो. कृपया थांबा. ते म-मीच पुरं करीन."

ते वाक्य पुरं व्हायलाच इतका वेळ लागला, की पलीकडच्या टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. अनसूयाबाईंनी मला कुजबुजून विचारलं, "काय म्हणतोय? काय म्हणाला तो साहेबाला?" मी सांगितलं. त्यांनी तोंडावर पदर धरला.

अय्यंगारांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "सॉरी," ते म्हणाले. "बोल. मी ऐकतोय."

आणि ते खरंच थांबले. पाठ खुर्चीला टेकवली, हात मांडीवर घेतले.

ललितचं उत्तर असं होतं. कारण त्या मधमाश्या नव्हत्याच. पहिला सबंध बहार तो ज्यांना मधमाश्या समजून टिपत बसला, त्यांतल्या निम्म्याअधिक साध्या माश्या होत्या. अंगावर पिवळे-काळे पट्टे, हुबेहूब मधमाशी. त्या फुलासमोर हवेत एका जागी थांबतात, मधमाशी तशी थांबत नाही. आणि मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. हे त्याला कळलं तेव्हा बहार संपला होता. एवढी मेहनत फुकट गेली. मग?

"मग?" अय्यंगारांनी विचारलं. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. तो उत्सुक होता.

मग तो पुढच्या बहारात पहिल्यापासून परत बसला. आणि तेव्हा त्याला दिसलं की फवारणीनंतर मधमाश्या दूर राहतात, पण या माश्या आधी परततात. बागेचं बरंचसं काम, निदान त्याच्या बागेत, कोणाच्या खिजगणतीतही नसलेल्या माश्या करत होत्या. ती चूक झाली नसती तर त्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलंही नसतं. म्हणून हा विषय.

अय्यंगारांनी कागदी रुमाल पुढे केला, "पंख काढून दाखव" म्हणाले. ललितने काढले. दोघांची डोकी त्या रुमालावर खाली झुकली. ठरलेली वेळ कधीच होऊन गेली. अय्यंगारांनी आणखी कॉफी मागवली. आमच्या टेबलावरची थंड होऊन तिच्यावर साय धरली, तरी आम्ही तिला हात लावला नाही.

बाहेर आलो तेव्हा अनसूयाबाईंचा बांध फुटला. "साहेबाला थांबा म्हणालास? एवढा मोठा माणूस, तुला मदत करत होता. आता तो लिहील का चांगलं? मॅडम, लिहील का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही. "ललित, मी नको म्हटलं होतं. तुला चान्सेस कमी होणार हे कळत होतं. तरी का दिलीस?"

आम्ही तिघं फुटपाथवर उभे होतो. शेजारून रिक्षा जात होत्या. अनसूयाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ते मला नि-निवडणार, मॅडम," ललित म्हणाला. "मग मी त्यांना ब-बघायला नको? तिथे चार वर्षं राहायचं. आत्या न-नसणार."

"मग काय बघायचं होतं?"

"आपणहून तर क-कोणीच थांबत नाही. तुम्ही सुद्धा घड्याळ ब-बघता." तो हसला. "त्याचं काही नाही. स-सांगितल्यावर थांबतात का, ते बघायचं होतं."

इतकी वर्षं मुलं आणि त्यांचे आईबाप माझ्यासमोर बसून एकच विचारत आलेत, ते आम्हाला घेतील का. हा एकटा होता, जो चार पावलं पलीकडे जाऊन, वळून, ते दार आपल्याला चालेल का, हे बघत होता.

"आणि मी?" अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज एकदम उतरला होता. "मी नाही थांबत?"

ललित त्यांच्याकडे बघत राहिला. नाही म्हणायला त्याला एक अक्षरही अडलं नसतं.

"मग मला कधी सांगितलंस तू? सांग ना. मला कधी म्हणालास, आत्या थांब?"

तो अडला. खूप वेळ अडला. अनसूयाबाईंनी ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

"आ... आज," ललित म्हणाला.

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. नव्या साडीच्या पदराने डोळे पुसले आणि नाक ओढून म्हणाल्या, "बरं. चला, शेवटची गाडी धरायची आहे."

मी जाता जाता त्याला विचारलं, "मग, अय्यंगार पास झाले का?"

"झ-झाले," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा मी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं.

मार्चमध्ये निकाल आले. मोठ्या विद्यापीठाने नाही म्हटलं. त्याच दिवशी अय्यंगारांचा मला फोन आला. त्यांनी ललितसाठी आजवर कोणासाठी लिहिलं नव्हतं असं लिहिलं होतं म्हणाले. खूप हळहळले. मी त्यांना ललितचा नंबर दिला, आणि त्यांनी त्याला स्वतः फोन केला हे मला नंतर कळलं.

आठवड्याभराने बर्फाच्या प्रदेशातल्या त्या छोट्या कॉलेजचं उत्तर आलं. त्यांच्याकडेही ललितने आपणहून मुलाखत मागितली होती. व्हिडिओवर तिथल्या एक बाई होत्या, आयुष्यभर माश्यांवर काम केलेल्या. ललितने सुरुवातीलाच सांगितलं, थांबावं लागेल. त्या थांबल्या. त्यांनी त्याला घेतलं, पूर्ण शिष्यवृत्तीसह. मी "जमण्यासारखं" म्हणून ओढूनताणून घातलेलं नाव ते.

"मोठ्या विद्यापीठाचं वाईट वाटलं का रे?" मी त्याला विचारलं.

"वाटलं," तो म्हणाला. त्याने ते लपवलं नाही, म्हणून मला आणखी बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये सटाण्याला त्याच्या ज्युनिअर कॉलेजने छोटा सत्कार ठेवला होता. मलाही बोलावलं होतं. त्याच दुपारी तो निघणार होता, नाशिकवरून मुंबईला आणि पुढे. गाडी आत्यांची होती. त्यांनी मुद्दाम ती ड्यूटी मागून घेतली होती. मलाही परत नाशिकला यायचं होतं, मी त्याच गाडीत बसले.

गाडी भरलेली. ललित खिडकीशी, मांडीवर बॅग. खाली त्याचे वडील उभे होते, डोक्याला टॉवेल, बागेतून थेट आलेले. फार बोलणारा माणूस नव्हता. खिडकीची कड धरून इतकंच म्हणाले, "जा मग. सांभाळून." आणि मागे सरकले.

"ना-नाना," ललितने हाक मारली. वडील परत पुढे आले.

"फ..." तो म्हणाला आणि अडला. मान मागे गेली, डोळे मिटले.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो बाई, बेल द्या की! उशीर होतोय!" पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून बघायला लागला. ड्रायव्हरने आरशातून विचारल्यासारखं पाहिलं.

अनसूयाबाई दाराशी उभ्या होत्या, खाकीत, एक हात घंटीच्या दोरीवर. त्यांना ते वाक्य ठाऊक असणार, याची मला खात्री होती. मागच्या माणसाकडे बघून फक्त म्हणाल्या, "थांबा जरा. माणूस बोलतोय."

गाडी जागेवरच राहिली. इंजिन धडधडत होतं, काचा थरथरत होत्या. सगळी गाडी त्या एका अक्षराची वाट बघत उभी राहिली.

"फ... फवारणी सकाळी नको करू, नाना," ललित म्हणाला. "सं-संध्याकाळी कर. माश्या घरी गेल्यावर."

"बरं," नाना म्हणाले. "संध्याकाळीच करीन."

मग अनसूयाबाईंनी दोरी दोनदा ओढली.